छुप्या शेपटाच्या सुरीसाठी गार्डची अरुंद खाच कशी कापावी

विदर्भातल्या खेड्यांत विळ्याला किंवा खुरप्याला मूठ बसवण्याची रीत बहुतेकांच्या पाहण्यातली आहे. लोहार अवजाराचे टोकदार शेपूट भट्टीत लाल करतो, बाभळीच्या किंवा धावड्याच्या मुठीत आधी पाडून ठेवलेल्या भोकात ते दाबतो, लाकूड आतून जळून शेपटाचा आकार घेते आणि तोंडाशी लोखंडी शेंबी ठोकली की काम होते. एक-दोन हंगामांनंतर जळलेला थर झिजतो, पावसाळ्यात पाणी आत शिरते आणि मूठ हलू लागते. विळ्याच्या बाबतीत हे खपून जाते, कारण मूठ पुन्हा बसवून घेणे हा गावच्या व्यवहाराचाच भाग आहे. परंतु स्वयंपाकघरात किंवा वावरात रोज हाताळायची आणि वर्षानुवर्षे टिकावी अशी सुरी करायची असेल, तर पाते आणि लाकूड यांच्यामध्ये धातूचा गार्ड बसवावा लागतो, आणि त्या गार्डमध्ये शेपटाच्या मापाची घट्ट खाच कापावी लागते. नवशिक्यांचे सर्वाधिक गार्ड याच खाचेपायी वाया जातात, म्हणून हा लेख केवळ तिच्याविषयी आहे.

छुप्या शेपटाच्या सुरीत पात्याचा मागचा, अरुंद केलेला भाग मुठीच्या पोटात पूर्ण झाकलेला असतो. पाते जिथे एकदम अरुंद होऊन शेपूट सुरू होते तिथे वर आणि खाली दोन पायऱ्या तयार होतात. त्यांना खांदे म्हणतात. गार्ड मागून, म्हणजे शेपटाच्या टोकाकडून, सरकवत आणला जातो आणि खांद्यांना टेकून थांबतो. बोटे धारेवर घसरू न देणे आणि लाकडाच्या तोंडाला आधार देणे ही त्याची कामे सर्वांना ठाऊक असतात; मुठीच्या आत ओल जाऊ न देणे हे तिसरे काम मात्र नजरेतून सुटते. पाते आणि गार्ड यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी संत्र्याचा किंवा लिंबाचा रस, मिठाचे पाणी, मटणाचे रक्त त्यात ओढले जाते आणि आतल्या आत शेपूट गंजत राहते. बाहेरून सुरी चांगली दिसते, आणि एके दिवशी मूठ हातात राहून पाते निखळते.

माझ्या सुरुवातीच्या एका सुरीत हेच घडले. शेपूट ४ मिमी जाडीचे होते म्हणून मी ४ मिमीच्याच बिटाने भोके पाडली, कानशीने त्यांची रांग सरळ करताना खाच जवळजवळ साडेचार मिमी झाली, आणि दोन्ही अंगांना राहिलेली फट मी पितळेचा भुसा मिसळलेल्या अरल्डाइटने बुजवली. नवी असताना ती फट कोणाच्या लक्षात आली नाही. एका पावसाळ्यानंतर ती काळी पडली, आणि मूठ फोडून पाहिली तेव्हा शेपटाचा खांद्याजवळचा भाग गंजाने पापुद्रे सुटल्यासारखा झाला होता. ती सुरी मी माझ्या वहिनीला दिली होती, त्यामुळे ती परत घेताना झालेले दुःख मला अजून आठवते. भोके शेपटाच्या जाडीपेक्षा लहान बिटाने पाडायची आणि शेवटचा अंश कानशीनेच काढायचा, हा धडा त्या सुरीने शिकवला.

खाचेच्या चार कडांपैकी सर्व सारख्या महत्त्वाच्या नसतात, हे आधी समजून घेतले तर कष्ट योग्य जागी पडतात. खाचेची वरची आणि खालची टोके खांद्यांच्या आड लपतात. तिथे पाव मिलिमीटर कमी-जास्त झाले तरी बाहेरून दिसत नाही. पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंना मात्र खांदा नसतो, तिथे खाचेची कड थेट पात्याला भिडलेली दिसते. म्हणून लांबीत थोडी सूट घेता येते, रुंदीत अजिबात घेता येत नाही. शिवाय सहा मिलिमीटर जाडीच्या गार्डमध्ये घट्टपणा संपूर्ण जाडीभर असण्याचीही गरज नसते. पुढच्या तोंडाकडची दीड-दोन मिलिमीटर धातूची कड पात्याला चिकटून बसली की पुरे. त्यामागची खाच किंचित सैल असणे उलट हिताचे असते, कारण चिकटद्रव्याला तिथे जागा मिळते. पुढून अरुंद आणि मागून रुंद, असे या खाचेचे चित्र मनात ठेवूनच कामाला बसावे.

खाचेला हात लावण्यापूर्वी

पाते पूर्ण झाल्याशिवाय गार्ड मोजूसुद्धा नये. घाई करणारे लोक पाणी देण्यापूर्वीच (म्हणजे लाल तापवून, बुडवून पाते कडक करण्यापूर्वीच) गार्ड बसवून पाहतात, आणि नंतर पात्यावरचा काळा थर व ओरखडे घासून काढताना पाते दोन्ही बाजूंनी थोडे थोडे पातळ होते. ०.१ मिमी जरी गेले तरी आधी घट्ट असलेल्या खाचेतून उजेड दिसू लागतो. म्हणून पाणी देणे, नरम करणे (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलके तापवणे), आणि खांद्यालगतचा धार नसलेला चपटा भाग अखेरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासणे ही सर्व कामे उरकून मगच पुढे जावे.

दोन्ही खांदे एका रेषेत आणि पात्याशी काटकोनात हवेत. गुण्या लावून दोन्ही बाजूंनी तपासावे. एक खांदा पुढे आणि एक मागे असेल तर गार्ड एकाच खांद्याला टेकतो, दुसऱ्याकडे तोंड वासते, आणि खाच कितीही चांगली कापली तरी तो दोष निघत नाही. खांदा आणि शेपूट जिथे मिळतात तो आतला कोपरा मात्र धारदार चौकोनी ठेवू नये. बारीक गोल कानशीने त्याला साधारण एक मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी, कारण टोकदार कोपऱ्यातून पोलादाला पाणी देताना किंवा पुढे वापरात ताण पडताना तडा जातो. ही गोलाई लक्षात ठेवावी. खाचेच्या टोकांशी तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

शेपूट नरम असणे आवश्यक आहे. ट्रकच्या लीफ स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेल्या पात्यात शेपूटही कडक राहिले असेल तर धार असलेला भाग ओल्या फडक्यात गुंडाळून शेपूट तेवढे निळे होईपर्यंत तापवावे आणि आपोआप निवू द्यावे. शेपटावर कानस सहज लागली म्हणजे ते नरम झाले असे समजावे.

यानंतर शेपटाची जाडी व्हर्नियरने निदान तीन ठिकाणी मोजावी: खांद्यापाशी, मध्यावर आणि टोकाशी. मी ज्यांच्या भट्टीवर सुरुवातीला बसत असे ते म्हातारे लोहारकाका माझ्या हाती ड्रिल दिसले की एकच वाक्य बोलत: "पोरा, पयले शेपूट मोज, मंग भोक पाड." घणाने घडवलेले शेपूट खांद्यापाशी साडेतीन आणि मध्यावर पावणेचार असे निघणे अगदी नेहमीचे आहे, आणि मध्यावरच्या त्या फुगीर जागेवरून गार्ड जावा म्हणून खाच रुंद केली की खांद्यापाशी ती सैल पडणारच. आधी शेपूटच कानशीने असे घासावे की खांद्यापाशी ते सर्वांत जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत जाईल. गार्ड टोकाकडून मोकळा सरकत येऊन शेवटच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये आवळत गेला पाहिजे.

एक सूचना आकाराविषयी. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख धारदार शस्त्रांच्या वर्गात आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. नवशिक्याने सहा-सात इंचांच्या आतली घरगुती सुरीच करावी. खाच शिकायला तेवढी भरपूर आहे.

धातू

पहिल्या पाच-सहा गार्डसाठी पितळच घ्यावे. ते मऊ असते, कानस त्याला चांगली लागते आणि ते गंजत नाही. नागपूरला धातूच्या दुकानांत पितळी पट्टी वजनावर मिळते. ६ मिमी जाड आणि २५ मिमी रुंद पट्टीचा वीतभर तुकडा आणला तर सरावासकट बरेच गार्ड होतात. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असले तरी भांड्यांचा पत्रा या कामाला फार पातळ पडतो. जुन्या खलबत्त्याचे ओतीव पितळ वापरण्याचा मोह होतो, परंतु ओतकामातली बारीक पोकळी नेमकी खाचेच्या कडेवर उघडी पडण्याचा धोका असतो. फुटक्या घंटेचा तुकडा तर घेऊच नये. ते कासे असते, त्यात कथिलाचे प्रमाण बरेच असल्यामुळे ते ठिसूळ असते आणि गार्ड ठोकून बसवताना तडकते. यंत्रावर कातण्यासाठी बनवलेल्या पितळेत थोडे शिसेही असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि भुसा स्वयंपाकघराच्या आसपास उडू देऊ नये.

आखणी

पुढील सर्व मापे एका उदाहरणाने सांगतो. समजा, खांद्यापाशी पात्याची रुंदी २३ मिमी आहे, शेपूट १७ मिमी रुंद आणि ३.५ मिमी जाड आहे. म्हणजे वर-खाली तीन-तीन मिमीचे खांदे आहेत. गार्डच्या पट्टीचे पुढचे तोंड काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करावे. त्यावर परमनंट मार्करची शाई लावावी आणि टोकदार सुईने मधोमध उभी रेषा ओढावी. पोलादी गार्ड असेल तर मार्करपेक्षा मोरचुदाचे पाणी चांगले: संत्र्याच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्यांच्या घरी मोरचूद असतोच, त्याचे दाट द्रावण चकचकीत पोलादावर पुसले की तांब्याचा पातळ लाल थर बसतो आणि त्यावर सुईची रेषा लख्ख उठून दिसते. पितळेवर हा उपाय चालत नाही.

मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना पावणेदोन मिमीवर दोन रेषा ओढाव्यात. ही खाचेची अंतिम रुंदी. वर आणि खाली १७ मिमीच्या अंतरावर दोन आडव्या रेषा ओढाव्यात. हा चौकोन म्हणजे कुंपण आहे, त्यापलीकडे बिट किंवा कानस जाता कामा नये. आता बिट ३ मिमीचे घ्यावे, म्हणजे शेपटापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान. पहिल्या भोकाचा मध्य वरच्या रेषेपासून १.७५ मिमी आत आणि शेवटच्याचा खालच्या रेषेपासून तेवढाच आत येईल. या दोन मध्यांतले अंतर १३.५ मिमी उरते. डिव्हायडरने त्याचे चार सारखे भाग केले की पाच भोके येतात, त्यांची मधली अंतरे ३.४ मिमीच्या आसपास राहतात, आणि प्रत्येक दोन भोकांमध्ये एक-तृतीयांश मिलिमीटरहून थोडी जाड भिंत उरते. ही भिंत उरू देणे महत्त्वाचे आहे. भोके एकमेकांत शिरतील इतकी जवळ घेतली तर बिटाला एका अंगाला धातू आणि दुसऱ्या अंगाला पोकळी मिळते, ते पोकळीकडे घसरते आणि खाचेची कड खाते किंवा स्वतः मोडते.

भोकांच्या मध्यांवर बिट टेकायला खळगा पाडणाऱ्या टोकदार सेंटर पंचचा पहिला ठोका अगदी हलका द्यावा, भिंगातून पाहावे, खूण सरकली असेल तर पंच तिरपा धरून ती परत रेषेवर आणावी आणि मगच जोराचा ठोका द्यावा. या पाच खुणांवर अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे मानू नये.

भोके

भोके पुढच्या तोंडाकडूनच पाडावीत. बिट खोलवर जाताना थोडे भरकटते, आणि ते भरकटणे मागच्या तोंडाकडे व्हावे हे आपल्याला हवे आहे. ती बाजू मुठीच्या लाकडाखाली जाते. टेबलावरचे ड्रिल मशीन असेल तर उत्तम; नसेल तर हातड्रिल स्टँडला कसून वापरावे. वीज नसताना हाताने फिरवायच्या ड्रिलनेही पितळ चांगले छेदता येते, मात्र तेव्हा दुसऱ्या माणसाने गुण्या उभा धरून बिट सरळ आहे की नाही हे पाहत राहावे.

पितळेचा एक स्वभाव नवशिक्याला ठाऊक नसतो. लोखंडासाठी घासलेले नवे बिट पितळेत स्क्रूसारखे स्वतःच आत ओढले जाते, अडकते आणि तुकडा हातातून हिसकावून गरगर फिरवते. म्हणून बिटाच्या दोन्ही कापणाऱ्या कडा बारीक दगडावर पुढच्या अंगाने एक-दोनदा हलक्या घासून त्यांची टोकदार झुकण मोडावी. मग ते पितळ ओढत नाही, खरवडत उतरते. गार्डची पट्टी कधीही हातात धरून छेदू नये, मशीनच्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळावी आणि खाली लाकडी फळी ठेवावी. डोळ्यांवर चष्मा असावा, हातात मोजे नसावेत. उन्हाळ्यात गळ्यात दुपट्टा ठेवून काम करण्याची आपल्याकडे सवय असते. ड्रिलजवळ जाण्यापूर्वी तो काढून खुंटीला टांगावा.

पाचपैकी पहिले, तिसरे आणि पाचवे भोक आधी पाडावे, नंतर दुसरे आणि चौथे. अशाने प्रत्येक बिटाला दोन्ही अंगांना पुरेसा धातू मिळतो. बिट वारंवार वर उचलून भुसा काढावा. पितळ कोरडेच छेदता येते, पोलादी गार्डला मात्र तेल लागते.

शेपूट तीन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, म्हणजे बिट दोन किंवा अडीच मिमीचे वापरायचे असेल, तर सहा मिमी जाडीच्या पितळेतून इतके बारीक बिट सरळ नेणे आणि पुढे इतक्या अरुंद फटीत कानस चालवणे दोन्ही कठीण होते. अशा वेळी गार्ड मागच्या बाजूने पोकळ करावा. भोके आरपार पाडून झाल्यावर पट्टी उलटी करून एक सोडून एक भोक मागून ५ मिमीच्या बिटाने रुंद करावे, परंतु आरपार नव्हे: मशीनचा खोलीचा अडथळा असा लावावा की पुढच्या तोंडाकडे अडीच मिमी धातू अखंड राहील. उरलेले पितळ बारीक छिन्नीने आणि गोल कानशीने काढले की मागे रुंद खोबण आणि पुढे अडीच मिमी जाडीची पातळ भिंत राहते. अचूक खाच आता त्या पातळ भिंतीतच कापायची असते. कडा न मोडलेले बिट या टप्प्यावर आधीच्या भोकात हमखास ओढले जाऊन आरपार जाते, म्हणून वरची सूचना इथे दुप्पट पाळावी. मला स्वतःला ही पद्धत इतकी उपयोगी वाटली की आता जाड शेपटालाही मी हीच वापरतो.

आरी

भोकांमधल्या भिंती कापण्यासाठी सोनारकामाची आरी सर्वांत चांगली. पाते पहिल्या भोकातून ओवून, दात मुठीकडे तोंड करून, तारेसारखे ताणून बसवावे आणि त्यावर मेण फिरवावे. भिंती मधूनच कापाव्यात, कडेच्या रेषेजवळ जाऊ नये. आरी नसेल तर हॅक्सॉचे पाते तोडून, त्याच्या दातांची दोन्ही बाजूंना काढलेली झुकण दगडावर घासून सपाट करावी. पात्याची जाडी साधारण ०.६५ मिमीच असली तरी रुंदी बारा मिमीच्या आसपास असते, म्हणून ते आधी ग्राइंडरवर तीन मिमीच्या भोकात जाईल इतके अरुंद करावे लागते, आणि मग मागच्या टोकाला चिंधी गुंडाळून हाताने चालवता येते.

कानस

खरी खाच इथे घडते, आणि या कामाला दोन-तीन तास लागतील असेच धरून चालावे. ड्रिलचे भोक बिटापेक्षा केसभर मोठेच पडते, म्हणून या वेळी प्रत्येक बाजूला सुमारे ०.२ मिमी धातू काढायचा राहिलेला असतो. साधी चपटी कानस या खाचेत शिरत नाही. बारीक कामाच्या सुई-कानशींच्या संचातली चपटी कानस लागते, आणि तीही जाड वाटली तर एखादी झिजलेली कानस ग्राइंडरवर, दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवत, दोन मिमीपर्यंत पातळ करावी. तिच्या दोन अरुंद कडांवरचे दात पूर्ण घासून गुळगुळीत करावेत. असे केले म्हणजे खाचेची लांब बाजू घासताना टोके चुकून खाल्ली जात नाहीत.

गार्ड व्हाइसमध्ये दोन्ही बाजूंना चामडे किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा लावून आवळावा, मागचे तोंड आपल्याकडे ठेवावे. कानस मागून घालावी आणि मूठ किंचित घासायच्या बाजूकडे झुकवावी, म्हणजे मागची कड आधी घासली जाईल आणि पुढची कड सर्वांत शेवटी. दाब फक्त पुढे ढकलताना द्यावा, परत आणताना कानस उचलावी. हात डोलला की खाच दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद होते. मागच्या तोंडाशी ते चालते, पुढच्या तोंडाशी चालत नाही. कानशीवर शाळेचा खडू घासत राहिल्यास पितळेचे कण दातांत रुतून बसत नाहीत आणि खाचेवर खोल ओरखडे पडत नाहीत.

दोन्ही लांब बाजू आळीपाळीने घासाव्यात, एकीवर दहा हात मारले तर दुसरीवर दहा. एकच बाजू घासत गेले तर खाच रुंदीला बरोबर होते पण गार्डच्या मध्यापासून सरकते, आणि पुढे सुरी वरून पाहिली की गार्ड एकीकडे अधिक बाहेर आलेला दिसतो. रेषेपासून जवळजवळ केसाएवढे अंतर उरले की मोजणे थांबवावे. यापुढे माप व्हर्नियर नव्हे, शेपूट सांगते.

शेपूट कापराच्या ज्योतीवर क्षणभर फिरवावे. त्यावर काजळीचा पातळ थर बसतो. पाते ज्योतीपासून दूर ठेवावे. आता गार्ड हाताने, तिरपा होऊ न देता, शेपटावर जाईल तितका सरकवावा आणि परत काढावा. खाचेच्या आत जिथे काळे डाग उमटले असतील तिथेच धातू अडतो आहे. फक्त ते डाग कानशीच्या तीन-चार हातांत काढावेत, पुन्हा काजळी धरावी, पुन्हा सरकवावे. दर खेपेस गार्ड मिलिमीटर-अर्धा मिलिमीटर पुढे जातो. याच टप्प्यावर कंटाळा येतो, आणि डाग न पाहता सगळी बाजूच घासून टाकण्याची इच्छा होते. संध्याकाळचा उजेड मंद झाला असेल तर काम तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी सकाळी करावे, असे मी कळकळीने सांगेन. मी बिघडवलेले बहुतेक गार्ड दिवेलागणीनंतरचे आहेत.

गार्ड खांद्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर हाताने अडला की कानस ठेवून द्यावी. तत्पूर्वी एकच गोष्ट उरते: खांद्याच्या आतल्या कोपऱ्यात आपण गोलाई ठेवली आहे, म्हणून खाचेच्या वरच्या आणि खालच्या टोकांची पुढची कड त्रिकोणी कानशीने किंचित मोडावी. नाहीतर गार्ड त्या गोलाईवर चढून बसतो आणि खांद्याला टेकतच नाही. ही मोडलेली कड खांद्यामागे लपते. लांब बाजूंची कड मात्र कधीही मोडू नये. उलट पुढचे तोंड पुन्हा काचेवरच्या पेपरवर घासून घ्यावे, म्हणजे तिथली कोस (घासताना कडेवर उरलेला धातूचा पातळ काठ) निघून कड तीक्ष्ण आणि स्वच्छ राहील.

बसवणे

पात्याची धार आणि टोक जाड कापडात गुंडाळून वर चिकटपट्टी लावावी. पाते टोक खाली करून, खांद्यालगतच्या चपट्या भागाशी, चामडे लावलेल्या व्हाइसमध्ये धरावे. धावड्याच्या किंवा बाभळीच्या ठोकळ्यात शेपूट मोकळे जाईल असे खोल भोक पाडावे, ठोकळा गार्डवर उभा ठेवावा आणि लहान हातोड्याने हलके ठोके द्यावेत. दर तीन-चार ठोक्यांनी गार्ड पात्याशी काटकोनात आहे का ते पाहावे. शेवटी तो खांद्यांना टेकतो तेव्हा ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द आवाज जाऊन टणक आवाज येतो, आणि त्यानंतर एकही ठोका देऊ नये. गार्ड जोर देऊनही पुढे जात नसेल तर ठोकत बसू नये. काढून काजळी पाहावी, कारण पितळ सोलले जाऊन पुढच्या कडेवर खरवड उमटते.

तपासण्यासाठी सुरी आकाशाच्या उजेडाकडे धरावी, सूर्याकडे नव्हे. पाते आणि गार्ड यांच्यामधून कुठेही उजेडाची रेघ येता कामा नये. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी कडेशी घालून पाहावी. हा कागद साधारण ०.०७ मिमी जाड असतो आणि तो शिरत नसेल तर नवशिक्यासाठी ते उत्तम काम आहे.

उजेड दिसलाच तर गार्ड लगेच टाकून देण्याचे कारण नाही. फट ०.१ ते ०.२ मिमी असेल तर पितळ जवळ ओढता येते. गार्ड पात्यावरून काढून मंद लाल होईपर्यंत तापवून निवू द्यावा, म्हणजे पितळ नरम होते. मग ऐरणीवर ठेवून, पुढच्या तोंडावर खाचेच्या कडेपासून एक मिलिमीटर सोडून बोथट छिन्नीने हलके ठोके देत जावे. धातू खाचेकडे सरकतो. नंतर पुढचे तोंड ठोक्यांच्या खुणा जाईपर्यंत पेपरवर घासावे आणि खाच पुन्हा काजळी लावून जुळवावी. फट याहून मोठी असेल तर नवा गार्ड करावा, आणि बिघडलेला मुठीच्या आतल्या बाजूस पट्टी म्हणून वापरावा.

मूठ चिकटवण्याच्या वेळी गार्ड एकदा काढावा, खाच आणि शेपूट थिनरने पुसून तेल आणि काजळी पूर्ण काढावी, आणि खाचेच्या मागच्या रुंद भागात अरल्डाइट भरून गार्ड त्याच ठोकळ्याने पुन्हा बसवावा. पुढच्या कडेतून बाहेर आलेले चिकटद्रव्य ओले असतानाच, टोक तासलेल्या बांबूच्या काडीने खरवडून, थिनरच्या चिंधीने दोनदा पुसून घ्यावे; रात्रभरात ते वाळले की ते काढताना पात्याच्या पॉलिशवर आणि खाचेच्या त्या तीक्ष्ण कडेवर ओरखडे पडतात.